कानसेनचं ‘चढवा’

त्याचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथेच राहिलं. बाकी अख्ख्या वीज केंद्राला तो कानसेन म्हणूनच माहीत. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. रेडिओवर कोणी लांबलचक तान घेतली की तो काळजीने विचारायचा, “याचं पोट दुखतंय का?” त्याचे कान होते ते बॉयलरसाठी.

बॉयलर म्हणजे उंच इमारतीएवढी पेटी. आत कोळशाची आग, आगीभोवती नळ्यांचं जाळं, नळ्यांत पाणी, पाण्याची वाफ, वाफेवर फिरणारं चाक आणि त्या चाकावर सगळ्या शहराचे दिवे. यातली एखादी नळी सुईच्या टोकाएवढी जरी फुटली तरी तिथून वाफ सटकायला लागते. बाकीच्यांना तो आवाज कळायचा तेव्हा भोकात बोट जाईल अशी गत झालेली असायची. कानसेनला तो सुईच्या वेळीच कळायचा. त्याच्याकडे एक लोखंडी सळई होती. एक टोक बॉयलरच्या पत्र्याला, दुसरं कानामागच्या हाडाला, डोळे मिटलेले, तोंड अर्धवट उघडं. नवा माणूस पहिल्यांदा बघायचा तेव्हा हमखास विचारायचा, “काका, दाढ काढलीत का?”

तो कामाला लागला होता राख उपसायला. एकदा फावडं टाकून मुकादमाकडे गेला आणि म्हणाला, “आत कोणीतरी शीळ घालतंय.”

मुकादम म्हणाला, “तुझ्यासाठी शीळ घालायला आत कोण बसलंय? आरशात बघितलंयस का कधी?”

पुढच्याच पाळीत तिथली नळी फुटली आणि बॉयलर-चाकासकट अख्खा संच आडवा झाला. मुकादम काही दिवस त्याची नजर चुकवत फिरला आणि मग एकदाचं त्याच्या हातातलं फावडं काढून घेऊन त्याने सळई दिली. तेव्हापासून केंद्रात एक पद्धतच पडून गेली. संचावरचा भार वाढवायचा असला की आधी कानसेनने बॉयलरभोवती, मजल्यामागून मजला, फेरी मारायची. मग फोन उचलून एकच शब्द बोलायचा, “चढवा.” हे कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं. कंट्रोल रूममध्ये पडदे होते, काटे होते, लाल-हिरवे दिवे होते, पण ‘चढवा’ आल्याशिवाय कोणी बटणाला हात लावत नसे. एकदा त्याला खोकल्याची उबळ आली आणि शब्दच फुटेना, तर पलीकडचा माणूस शांतपणे फोन धरून बसला. “होऊ द्या काका. खोका सावकाश. नंतर बोला.”

घरी मात्र या कानांना कोणी विचारत नव्हतं. बायको त्याच्याशी बोलायचीच नाही. ती भांड्यांशी बोलायची. “बघ गं कढई,” ती म्हणायची, “लोकांना लोखंडाचं पोट दुखलेलं ऐकू येतं, पण ‘डबा आणा’ म्हटलेलं ऐकू येत नाही.” कढई काही बोलायची नाही आणि कानसेनही नाही. क्वार्टरच्या खिडकीच्या कठड्यावर रोज राखेची पूड बसायची, ती रोज पुसायची. संसार ठीक चालला होता.

मग देशाने ठरवलं की वीज उन्हातून आणि वाऱ्यातून घ्यायची, आणि तीही झटपट. असं ठरणं पूर्वीही झालं होतं. ठरायचं, फोटो निघायचे, लोक विसरायचे. या वेळी मात्र खरंच व्हायला लागलं, ही पंचाईत झाली. शाळेच्या छपरावर पॅनेल, दवाखान्याच्या छपरावर पॅनेल, गोदामांवर, बस डेपोवर. टेकड्यांवर पवनचक्क्या. ज्या परवानग्या पूर्वी टेबलावर पडून म्हाताऱ्या व्हायच्या, त्या पटापट हातात पडू लागल्या. शिवाय कोणाच्या तरी डोक्यात उजेड पडला, की नव्या तारा ओढायला वर्षं जातात, पण जुन्या कोळसा केंद्रांपर्यंत तारा आधीच आलेल्या आहेत. तेव्हा कोळशाच्या मांडीला मांडी लावून तिथेच बॅटऱ्या बसवा. दुपारचं ऊन त्यांत भरा आणि संध्याकाळी त्याच तारांतून सोडा. थोडक्यात, ज्याला घालवायचं त्याच्याच दारातून नव्याला आत घ्यायचं. युक्ती पक्की होती. कानसेनच्या केंद्रात कोळशाचं अर्धं मैदान झाडून साफ झालं आणि तिथे पांढऱ्या लोखंडी खोल्यांच्या रांगा येऊन बसल्या. कामगार त्यांना ‘कपाटं’ म्हणायला लागले.

आणि बॉयलरचे हाल सुरू झाले. दुपारी देशभर ऊन असायचं, तेव्हा वरून फोन यायचा, “उतरवा.” संध्याकाळी ऊन गेलं आणि घरोघरी दिवे लागले की, “चढवा.” रोज. जन्मभर एका लयीत चालायला बनवलेल्या यंत्राला दुपारी बसवायचं आणि संध्याकाळी पळवायचं. नळ्या तापायच्या, निवायच्या, ताणल्या जायच्या, आकसायच्या. “म्हाताऱ्याला रोज जिना चढायला लावताय,” कानसेन म्हणायचा. पण चढवायचा. आधी एवढंसं, मग थांब, ऐक, मग अजून एवढंसं. दुसऱ्या केंद्रांतले बॉयलर या धावपळीत धडाधड फुटत होते. याचा टिकून होता.

मोठ्या साहेबांनी एक दिवस सगळ्यांना मैदानात बोलावलं. साहेबांच्या तोंडी ‘त्या दृष्टीने’ इतक्यांदा यायचं की नक्की कोणत्या दृष्टीने, हे विचारायची सोय नव्हती.

“आपण सगळे एक कुटुंब आहोत,” साहेब म्हणाले, “आणि त्या दृष्टीने, आपला हा संच बंद होणार, ही आनंदाची बातमी आहे. म्हणजे दुःखाची आहे, पण त्या दृष्टीने आनंदाची. आता, लगेच काही होत नाहीये. संध्याकाळ आपल्याशिवाय निभते हे आधी सिद्ध व्हायला पाहिजे. त्याच्या चाचण्या टप्प्याटप्प्याने होतील. दोन वर्षं तरी कोणी घाबरू नये, त्या दृष्टीने.”

दोन वर्षं ऐकून कानसेनला बरंच वाटलं. दोन वर्षांनी त्याची निवृत्ती होती. त्याला फार काही नको होतं. आपण आणि बॉयलर एकाच दिवशी थांबावं. शेवटच्या पाळीला आपल्या हाताने आग उतरवावी, सळई भिंतीला टेकवावी आणि घरी जावं. एवढीच त्याची मागणी, आणि दोन वर्षांत ती बसत होती.

त्याच्या मेहुण्याला मात्र बरं वाटलं नाही. मेहुणा त्याच केंद्रात फिटर होता आणि कामगारांचा पुढारी. सभेत बोलायची सवय जडल्यामुळे तो प्रश्नही स्वतःच विचारायचा आणि उत्तरंही स्वतःच द्यायचा, समोरच्याला फक्त मान हलवायचं काम. “दोन वर्षं कोण म्हणालं, दाजी? साहेब म्हणाले. साहेबांना कोणी सांगितलं? वरच्यांनी. वरच्यांनी आपल्याला आजवर खरं सांगितलंय? नाही सांगितलेलं. मग?”

“मग काय?” कानसेन म्हणाला.

“मग असं, की दुपार त्यांची झाली. संध्याकाळ अजून आपली आहे. ती हातातून गेली की आपण गेलो. दोन वर्षांनी जाऊ, नाहीतर दोन महिन्यांनी.”

कपाटांबरोबर एक तरुण इंजिनिअर मुलगी आली होती. तिला लगेच ‘बॅटरीबाई’ हे नाव पडलं. ती झपाझप चालायची, झपाझप बोलायची आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘ना’ लावून समोरच्याला आपल्या बाजूला ओढून घ्यायची. एका संध्याकाळी ती थेट बॉयलरच्या वरच्या मजल्यावर आली. “काका, तुमचं ‘चढवा’ मला बघायचंय. चालेल ना?”

त्याने तिच्या हातात सळई दिली. तिने कानामागे लावली, डोळे मिटले, तोंडही उघडलं.

“काय ऐकू येतंय, मॅडम?”

“माझ्या छातीचे ठोके,” ती म्हणाली आणि हसली. कानसेनला ती आवडली. आजवर सळई कानाला लावलेल्या प्रत्येक साहेबाने ‘हो हो, येतंय’ असंच म्हटलं होतं.

जाताना ती म्हणाली, “काका, एक सांगू? तुम्ही इतकं सांभाळून चढवता ना, म्हणून बाहेर इतकं ऊन भराभर जोडता येतंय. संध्याकाळ सांभाळायला तुमच्यासारखं कोणी नसतं, तर हे सगळं अजून कितीतरी वर्षं रखडलं असतं.”

त्याने हे घरी जेवताना सांगितलं, जरा ताठ बसून. मेहुणा तिथेच होता. त्याने घास खाली ठेवला.

“अभिनंदन, दाजी. स्वतःचा खड्डा स्वतः खणायचा आणि वर मॅडमकडून शाबासकी घ्यायची. खड्ड्याची खोली बरोबर आहे ना, हेही विचारून घ्यायचं होतं.”

बायको उठून पातेलं घासायला लागली. “ऐकलंस का गं,” ती पातेल्याला म्हणाली, “माझ्या भावाचं पोट याच कामावर आहे म्हणावं.”

हे मेहुण्याने बाहेर पसरवलं. कॅन्टीनमध्ये कानसेनसाठी धरून ठेवलेली खुर्ची आता कोणी धरेना. तो आला की कोणीतरी मुद्दाम म्हणायचं, “सरका, सरका, घरभेदी आले.” कोळसा टाकणाऱ्यांपैकी एकाने तर त्याची हुबेहूब नक्कल बसवली होती. चमचा कानामागे लावायचा, डोळे मिटायचे आणि भक्तिभावाने म्हणायचं, “बुडवा.” सगळं कॅन्टीन हसायचं. नक्कल चांगली होती, हे कानसेनलाही मान्य होतं. हसणं मात्र त्याला घशाखाली उतरत नव्हतं.

शेवटी मेहुणा एक दिवस गोड बोलला. तो गोड बोलायला लागला की प्रश्न विचारायचा थांबायचा. “दाजी, तुम्ही काही करायचं नाहीये. कोणी तुम्हाला स्क्रू ढिला करायला सांगत नाहीये. रोज चढवून चढवून एक ना एक नळी जाणारच आहे. तेव्हा फक्त ऐकू येऊ द्यायचं नाही. ऐन संध्याकाळी संच पडेल, शहर तासभर अंधारात बसेल, आणि वरच्यांना कळेल की कोळशाशिवाय चालत नाही. मग दोन वर्षांची पाच होतील. तुम्ही सुखाने निवृत्त व्हाल, आम्ही सुखाने जगू.”

“मी असं कधी केलं नाही.”

“म्हणूनच तर कोणाला संशय येणार नाही.”

कानसेनने त्याला हाकलून दिलं. पण वाक्य मागे राहिलं.

त्याच आठवड्यात पाहुणे आले. मोठे साहेब त्यांना घेऊन बॉयलरपाशी आले आणि कानसेनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “हे आमचे कानसेन. संच बंद झाला की यांना आपण संग्रहालयात ठेवणार आहोत, त्या दृष्टीने.” पाहुणे खूप हसले. कोणाला तरी फोटो हवा होता. कानसेनने सळई पत्र्याला टेकवली, दुसरं टोक कानामागे घेतलं.

“जरा इकडे वळा, काका. चेहरा झाकला जातोय. सळई अशी बाहेर धरा.”

“अशी धरली तर ऐकू येत नाही,” तो म्हणाला.

“ऐकायचं कुठंय, काका, फोटो काढायचाय.”

त्याने सळई हवेत धरली, दोन्ही टोकं कशालाच न टेकवता, आणि डोळे मिटले. ते फोटो काढत राहिले.

ते गेले. ऊन उतरलं. वरून फोन आला. कानसेन फेरीला निघाला आणि वरच्या मजल्यावर, पुढच्या कोपऱ्यात, त्याला ऐकू आलं. शीळ नव्हती ती. कोणीतरी दातांतून श्वास आत ओढावा, तसं काहीसं. सुईचं टोक. त्याने सळई काढली, बनियनला पुसली, परत लावली. होतं.

नेहमीची पद्धत सरळ होती. सांगायचं, भार खालीच ठेवायचा, आग उतरवायची, नळी जोडायची, परत पेटवायचं. अशा कितीतरी नळ्या त्याने सांगितल्या होत्या. तो फोनपर्यंत गेला. तिथे दोन सफाई कामगार राख झाडत होते.

“खाली जा,” तो म्हणाला. “चहा घ्या.”

“आत्ताच घेतला, काका.”

“परत घ्या. दोघंही. इथे कोणी थांबू नका.”

ते गेले. त्याने फोन उचलला.

“हं काका, बोला.”

कानसेनने कोपऱ्याकडे बघितलं. मग म्हणाला, “चढवा.”

नळी गेली ती अख्ख्या शहराला ऐकू आली. आतली वाफ आगीत घुसली, घंटा वाजल्या, छपरावरच्या झडपा उघडून अशा किंचाळल्या की कॉलनीतली कुत्री पळत सुटली. मग सगळं थांबलं. इतक्या वर्षांत कानसेनने बॉयलर असा गप्प झालेला ऐकला नव्हता. कोणाला खरचटलंही नाही, तेवढं एक बरं झालं.

मेहुणा धापा टाकत गच्चीवर आला. कानसेन तिथे कठड्याला धरून उभा होता. खाली शहर पसरलं होतं, संध्याकाळचं, सगळे दिवे लागलेलं.

“झालं ना?” मेहुणा म्हणाला.

“झालं.”

“मग दिवे?”

“जातील.”

दोघं बघत राहिले. रस्त्यावरचे दिवे चालू होते. दवाखान्याची पाटी चालू होती. दूर एका दुकानावर लाल-निळ्या माळा लुकलुकत होत्या, त्यांतली एकही माळ चुकली नाही.

“तारांत थोडा वेळ शिल्लक राहते का वीज?” मेहुण्याने विचारलं, आणि या वेळी त्याला उत्तर माहीत नव्हतं.

“नाही.”

“थांबा, दाजी. जातीलच.”

दोन मोठी बाप्ये माणसं कठड्याला टेकून अंधाराची वाट बघत उभी होती. अंधार काही आला नाही. खाली मैदानात पांढऱ्या कपाटांचे पंखे एकाएकी मोठ्याने घोंघावायला लागले होते आणि त्यांच्यामधून बॅटरीबाई पळत होती, दोन्ही हात वर करून कोणाला तरी काहीतरी ओरडून सांगत. ती काय सांगत होती ते कानसेनला एवढ्या वरूनही ऐकू आलं. “धरलं. सगळं धरलं.”

घरी बायको मालिका बघत होती. “कसला आवाज झाला मघाशी?” तिने चक्क त्यालाच विचारलं.

“संच पडला.”

“असं? दिवे तर गेले नाहीत.” आणि ती परत पडद्याकडे वळली.

चौकशी झाली. मुख्य कार्यालयातून एक गृहस्थ आले होते. ते प्रत्येक शब्दापुढे थोडी जागा सोडून बोलायचे, जणू कोणीतरी ते दगडावर कोरून घेतंय. “तुम्ही. फेरी. मारली?”

“मारली.”

“चढवा. असं. म्हणालात?”

“म्हणालो.”

“आणि आवाज?”

खोलीत मोठे साहेब होते, बॅटरीबाई होती, दाराबाहेर मेहुणा आणि चारचौघं होते. कानसेनकडे दोनच उत्तरं होती. एकात तुरुंग होता.

“मला ऐकू आलं नाही,” तो म्हणाला.

साहेबांचा चेहरा एकदम मऊ झाला. “वयानुसार होतं असं. त्या दृष्टीने आपण तपासून घेऊ.”

दवाखान्यात डॉक्टरने त्याच्या कानांवर मोठाले गोळे चढवले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. आवाज येत गेले, मोठे, बारीक, त्याहून बारीक, अगदी सुईच्या टोकाएवढे. एकूण एक त्याला लख्ख ऐकू आले आणि अंगठा जागचा हलला नाही. डॉक्टरने मान हलवली. “हे पुष्कळ दिवसांचं दिसतंय. कोणाच्या लक्षात कसं नाही आलं?”

परत आल्यावर कॉरिडॉरमध्ये बॅटरीबाई त्याला गाठायला थांबली होती. आजूबाजूला कोणी नव्हतं. ती अगदी हळू बोलली, ओठ जेमतेम हलवून. “काका, वरच्या मजल्यावरच्या त्या दोघांना तुम्ही खाली पाठवलं होतं ना?”

त्याने झटकन तिच्याकडे बघितलं. तेवढं पुरे झालं. तिला कळलं, आणि तिला कळलं हे त्याला कळलं.

तिने साहेबांच्या बंद दाराकडे एकदा बघून घेतलं. “तुम्ही मला नुसतं सांगितलं असतं ना, की नळी चाललीय,” ती म्हणाली, “तर मीच घाबरून चाचणी लांबवली असती. आमची कपाटं पूर्ण भार धरतील की नाही, याची मलाच खात्री नव्हती. वर्ष गेलं असतं त्यात. कदाचित दोन.”

साहेबांच्या खोलीचं दार उघडलं. साहेब बाहेर आले. बॅटरीबाईने लगेच तोंड कानसेनच्या कानापाशी नेलं आणि पूर्ण ताकदीने ओरडली, “काका, सावकाश जा. पुढे पायरी आहे.”

साहेब हळहळले. कानसेन पायरी बघत खाली उतरला. ज्या मुलीचं काम मातीत घालायला तो निघाला होता, तिने त्याला वाचवलं होतं, आणि वाचवायची दुसरी काही पद्धत नव्हती.

साहेबांनी परत सगळ्यांना मैदानात जमवलं. “जी चाचणी करायची कोणाची हिंमत होत नव्हती,” ते म्हणाले, “ती आपोआप झाली. ऐन संध्याकाळी, पूर्ण भारावर. शहरात एक दिवाही मिटला नाही. त्या दृष्टीने ही दुर्घटना म्हणजे संधीच म्हणायची. तेव्हा आता फुटलेली नळी जोडण्यात अर्थ नाही. संच बंद झाला असं समजा.”

समजायचं काही उरलंच नव्हतं. आग विझलेलीच होती. कानसेनच्या हाताने नाही, कोणाच्याच हाताने नाही. त्या संध्याकाळचे आकडे बाकीच्या केंद्रांना पाठवले गेले आणि तिथल्या साहेबांनाही हिंमत आली. दोन वर्षांची कामं एका हंगामात उरकायला लागली. देश खरोखरच झपाट्याने बदलत होता, आणि त्याला ढकलणाऱ्या हातांत एक हात कानसेनचा होता.

कामगारांची पांगापांग झाली. कोणाची लांब बदली झाली, कोण छपरांवर पॅनेल लावायचं शिकायला गेलं, कंत्राटी लोकांना कोणी काही सांगितलंच नाही. मेहुण्याने मात्र वेळेवर वारं ओळखलं. कपाटांच्या पंख्यांना फिटर हवा होता. आता तो पांढरं जाकीट घालून मैदानात फिरायचा आणि नव्यांना सांगायचा, “भविष्य कशात आहे? बॅटरीत आहे. मी आधी काय म्हणत होतो? हेच म्हणत होतो.”

कानसेनला तब्येतीच्या कारणावरून निवृत्त केलं. क्वार्टर सोडावी लागली. बाजारामागच्या चाळवजा इमारतीत एक खोली मिळाली. कठड्यावर आता राख बसत नव्हती, दोरीवरचे कपडे संध्याकाळपर्यंत पांढरे राहायचे, आणि बायको ते घडी घालताना गप्प असायची. तिला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं. नळ नीट बंद झाला नाही तर झोपेतून उठून बंद करणारा माणूस एका रात्रीत बहिरा होत नसतो. पण भिंती पातळ होत्या आणि पलीकडे केंद्रातल्याच एकाचं बिऱ्हाड होतं. त्यामुळे घरातही ओरडूनच बोलावं लागायचं. इतकी वर्षं जे जे भांड्यांना सांगितलं होतं, ते ते तिने आता त्याला सांगितलं, तोंडावर, मोठमोठ्याने, आणि इमारतीत कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. बिचारीला ओरडावं लागतं, लोक म्हणायचे. नवरा ठार बहिरा.

दुपारी तो केंद्राच्या फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसायचा. जायला दुसरी जागा नव्हती. जुन्यांपैकी जे गावात उरले होते ते तिथेच यायचे. आले की त्याच्या कानाशी वाकून बोंब मारायचे, “काका, बरं आहे ना?” तो मान हलवायचा. मग ते त्याच बाकावर, त्याच्या शेजारी टेकायचे आणि साध्या आवाजात बोलायचे.

“याच्यामुळे गेलो आपण.”

“म्हाताऱ्याला ऐकू येत नव्हतं, तर आधीच घरी बसायचं होतं. मिरवायची हौस.”

“सळई कानाला लावून काय ढोंग करायचा रे. मी तर म्हणतो, याला कधीच काही ऐकू येत नव्हतं. सगळं नशिबावर चाललं होतं.”

ते त्याला लागलं. बाकीचं त्याने गिळलं असतं.

त्या दिवशी मेहुणाही तिथे होता, पांढऱ्या जाकिटात. त्या बाकावर तो एकटाच असा होता, ज्याला ठाऊक होतं की शेजारच्या माणसाला शब्द न् शब्द ऐकू येतोय. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. मेहुण्याने चहाचा घोट घेतला, दाजींकडे न बघता.

“जाऊ दे रे,” तो म्हणाला. “कान गेले, तेव्हा अक्कलही थोडी गेली असणार. घरातलं माणूस आहे, काय करता.”

मंडळी हसली. टपरीवाल्याने किटली उचलली आणि कानसेनच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला, “काका, अजून चहा देऊ का?”

कानसेनने तळहात कानामागे धरला, तोंड अर्धवट उघडलं आणि मेहुण्याकडे बघत विचारलं, “काय म्हणालास?”